दाहजन्य कॉर्ड लीजन (मज्जारज्जूतले दाहाचे डाग) निसटतात, १.५ टेस्लावर प्रोटोकॉलमध्ये नेमकं काय बदलावं?

तिरपी_स्लाइस

नमस्कार मंडळी. प्रश्न १.५ टेस्ला (चुंबकाची ताकद) एमआरआय मशीनवरच्या स्पायनल कॉर्डच्या स्कॅनचा आहे. एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस) किंवा मायलायटिसचा (कॉर्डच्या दाहाचा) संशय म्हणून रुग्ण येतो, लक्षणं बोलकी असतात (एका हाताला मुंग्या, मान खाली घातली की पाठीतून करंट उतरणं), आणि सॅजिटल (बाजूनं घेतलेला उभा छेद) टी२ वर (पाणी पांढरं दाखवणाऱ्या चित्रावर) एकतर काहीच दिसत नाही, नाहीतर कॉर्डच्या मधोमध एक पुसट पांढरी रेघ दिसते. मग रिपोर्टमध्ये "निश्चित लीजन दिसत नाही, लक्षणांशी ताडून पाहावे" असं मोघम वाक्य जातं आणि न्यूरॉलॉजिस्ट पुन्हा विचारतात.

सध्याचा प्रोटोकॉल हा असा:

सॅजिटल टी२ टर्बो स्पिन इको, मान आणि छाती वेगवेगळी. स्लाइस ४ मिमी, गॅप ०.४ मिमी, एफओव्ही (चित्राचं क्षेत्र) २८० मिमी, मॅट्रिक्स ३८४ × २६९, फेज (ज्या दिशेच्या ओळी एकेक करून घेतात ती) पुढून मागे, ॲव्हरेज २, टीआर (दोन शॉटांमधला वेळ) ३५०० मिलिसेकंद, टीई (सिग्नल वाचण्याची वेळ) १२०, इको ट्रेन (एका शॉटमधल्या ओळी) १७. वेळ दोन मिनिटांच्या आत.
सॅजिटल टी१, तेवढ्याच स्लाइस.
ॲक्सियल (आडवा छेद) टी२ फक्त मानेत, सी३-४ पासून सी६-७ पर्यंत प्रत्येक डिस्कला समांतर तीन-तीन स्लाइस.
कॉन्ट्रास्ट (गॅडोलिनियमचं इंजेक्शन) दिल्यावर लगेच सॅजिटल टी१.

विचारायचं ते असं. ती मधली रेघ खरी की खोटी, हे कसं ठरवायचं? एक सीक्वेन्स वाढवायला वेळ मिळाला तर स्टर घ्यावं, प्रोटॉन डेन्सिटी की पीएसआयआर? आणि हे सगळं सोडून रुग्णाला सरळ ३ टेस्लावर पाठवणं हाच उपाय आहे का?

---

फेजदिशा

रेघेपासून सुरुवात करतो, कारण तिचं उत्तर तुम्ही दिलेल्या आकड्यांतच आहे.

तुमची फेज दिशा पुढून मागे आहे. २८० भागिले २६९, म्हणजे त्या दिशेला एक पिक्सेल १.०४ मिमीचा. मानेतली कॉर्ड पुढून मागे साधारण ७ ते ८ मिमी. म्हणजे अख्खी कॉर्ड तुम्ही जेमतेम सात पिक्सेलांत बसवताय. दोन्ही बाजूंना पांढराशुभ्र सीएसएफ (कॉर्डभोवतीचं पाणी), मध्ये करडी कॉर्ड, आणि सात पिक्सेल. गिब्ज रिंगिंगसाठी (पिक्सेल कमी पडले की काठालगत उमटणाऱ्या खोट्या रेघांसाठी) याहून सोयीची जागा शोधून सापडायची नाही. पुढच्या काठाच्या आणि मागच्या काठाच्या रिंगा कॉर्डच्या मध्यावर एकमेकींत मिसळतात आणि सिरिंक्ससारखी (कॉर्डमधल्या पाण्याच्या पोकळीसारखी) रेघ तयार होते.

ओळखायची खूण: खोटी रेघ कॉर्डच्या काठाला तंतोतंत समांतर धावते, तीन-चार मणके सलग जाते, जाडी कुठेही बदलत नाही, आणि कॉर्ड जिथे रुंद होते तिथे विरते किंवा एकाच्या दोन होतात. खरा लीजन कुठेतरी सुरू होतो आणि कुठेतरी संपतो. खात्री करायची असेल तर मॅट्रिक्स किंवा फेज दिशा बदलून तोच सॅजिटल पुन्हा घ्या. रेघ हलली किंवा गेली तर ती रिंग होती.

एक गैरसमज फार दिसतो म्हणून सांगतो. कन्सोलवर इंटरपोलेशन लावून चित्र ५१२ चं केलं की रिझोल्यूशन वाढलं असं वाटतं. तसं काही होत नाही. रिंगा तेवढ्याच रुंद राहतात, फक्त गुळगुळीत दिसतात. खऱ्या मॅट्रिक्सनं रिंगेची उंची कमी होत नाही (ती काठावरच्या सिग्नलमधल्या उडीच्या सुमारे ९ टक्केच राहते), पण रिंगा अरुंद होऊन काठाकडे सरकतात आणि मधला भाग मोकळा होतो. आपल्याला तेवढंच हवंय.

आता बदल. सॅजिटलमध्ये फेज डोक्याकडून पायाकडे फिरवा. मग पुढून मागे ही फ्रीक्वेन्सी दिशा होते आणि तिथे मॅट्रिक्स वाढवायला जवळजवळ वेळ लागत नाही. गिळण्याची आणि हृदयाची भुतं (हालचालीनं उमटणाऱ्या खोट्या सावल्या) कॉर्डवरून आडवी न जाता वर-खाली पसरतात, म्हणजे घशाचं भूत घशाच्याच ओळीत राहतं. सीएसएफच्या स्पंदनाचंही तेच.

याची किंमत म्हणजे रॅपअराउंड. डोकं आणि छाती दोन्हीकडून चित्रात घुसतात, म्हणून फेज ओव्हरसॅम्पलिंग ८० ते १०० टक्के हवंच. इथे बरेच जण वेळ दुप्पट झाला म्हणून माघार घेतात. पण ओव्हरसॅम्पलिंगच्या जादा ओळी वाया जात नाहीत, त्या सिग्नल-नॉइजमध्ये भर घालतात. १०० टक्के ओव्हरसॅम्पलिंग म्हणजे सिग्नल-नॉइजच्या हिशेबानं आणखी एक ॲव्हरेज घेतल्यासारखंच.

तुमच्याच आकड्यांवर हिशेब मांडतो. आत्ताचा व्हॉक्सेल (स्लाइसच्या जाडीसकट पिक्सेल) ०.७३ × १.०४ × ४, म्हणजे ३.०४ घन मिमी. ओळी २६९ × २ = ५३८, इको ट्रेन १७, म्हणजे ३२ शॉट, गुणिले ३.५ सेकंद, १ मिनिट ५२ सेकंद. बरोबर?

नवा सॅजिटल: एफओव्ही २४०, मॅट्रिक्स ३२० × २५६, स्लाइस ३ मिमी, गॅप शून्य, ओव्हरसॅम्पलिंग १०० टक्के, ॲव्हरेज २. व्हॉक्सेल ०.७५ × ०.९४ × ३, म्हणजे २.११ घन मिमी. ओळी ५१२ × २ = १०२४, शॉट ६१, वेळ ३ मिनिटं ३४ सेकंद. बँडविड्थ प्रति पिक्सेल तीच ठेवली तर सिग्नल-नॉइज जुन्याच्या ९५ टक्क्यांच्या आसपास राहतो. कॉर्ड आता पुढून मागे दहा पिक्सेलांत बसते आणि स्लाइस एक चतुर्थांश पातळ झाली, तीही जवळजवळ त्याच सिग्नल-नॉइजमध्ये. लागतात शंभर सेकंद जास्त. कॉन्ट्रास्टच्या आधीचा टी१ सॅजिटल वगळता येईल का बघा, ते शंभर सेकंद तिथूनच मिळतात.

टीई १२० वरून ९० ते १०० वर आणा. १२० ला सीएसएफ इतका भडक होतो की काठावरचा लीजन त्याच्या उजेडात बुडतो, आणि एमएसचे लीजन नेमके काठावरच बसतात.

सॅचुरेशन बँड (सिग्नल दाबणारा पट्टा) मणक्यांच्या पुढे, घसा आणि महाधमनी झाकणारा, ४० ते ६० मिमी जाड. छातीत पाठीला बाक असेल तर बँड तिरका करा, सरळ ठेवलात तर मधल्या मणक्यांपाशी तो कॉर्डवर चढतो आणि सिग्नल खातो.

आणि फेज फिरवल्यावर एक नवी कटकट येते ती आधीच सांगून ठेवतो. कॉर्डच्या जवळून वर-खाली जाणारी चमकदार, पिसासारखी रेघ किंवा ठिपक्यांची माळ. ती एफओव्हीच्या खूप बाहेरून, जिथे ग्रेडियंट सरळ रेषेत राहत नाही तिथून, दुमडून आलेली असते. ओव्हरसॅम्पलिंग वाढवून ती जात नाही. एफओव्हीच्या बाहेरचे कॉइल एलिमेंट बंद करा, लगेच जाते. मानेच्या स्कॅनला कमरेपर्यंतचे एलिमेंट चालू ठेवण्याची सवय यासाठीच मोडायला हवी.

---

राखाडी_फुलपाखरू

वरचं सगळं मान्य. मी वाचणाऱ्याच्या बाजूनं लिहिते.

एकट्या सॅजिटल टी२ वर कॉर्ड साफ आहे असं म्हणूच नये. मॅग्निम्स, सीएमएससी आणि एनएआयएमएस या एमएसवर काम करणाऱ्या तीन गटांनी २०२१ मध्ये एकत्र दिलेल्या शिफारशींतही हेच आहे: सॅजिटलमध्ये टी२, प्रोटॉन डेन्सिटी आणि स्टर यांपैकी किमान दोन हवेत, स्लाइस ३ मिमीपेक्षा जाड नको, गॅप नको. मानेसाठी पीएसआयआर किंवा एमपी२रेज यांसारखा टी१ चालतो. कारण सरळ आहे, प्रत्येक सीक्वेन्स वेगळ्या पद्धतीनं फसवतो. दोघांनी एकाच जागी एकच गोष्ट दाखवली तर ती बहुधा खरी असते.

स्टर. लीजन सगळ्यात ठळक इथेच दिसतो, फॅट दबल्यामुळे डोळाही भरकटत नाही. पण सिग्नल कमी, सीएसएफच्या प्रवाहाची ढगाळ भुतं जास्त, आणि कॉर्ड मुळातच थोडी खरखरीत दिसते, त्यामुळे नवशिक्याला जिथे तिथे लीजन दिसायला लागतात. १.५ टेस्लाला टीआय (इन्व्हर्जन पल्सनंतर थांबायचा वेळ) १५० ते १७०, ३ टेस्लाला २०० ते २३०. टीई ५० ते ७०. टीआय चुकला तर फॅट नीट दबत नाही आणि मागच्या एपिड्युरल फॅटची कड कॉर्डच्या काठाशी गोंधळ घालते. स्टर कॉन्ट्रास्टनंतर कधीही घेऊ नका. गॅडोलिनियमनं लीजनचा टी१ फॅटच्या जवळ आणला की स्टर त्यालाही फॅट समजून दाबतो. सगळ्यात ताजा लीजनच मग नाहीसा!

प्रोटॉन डेन्सिटी. हिची लोकांना विनाकारण नावड आहे. टीई २० ते ३० ठेवला तर सीएसएफ आणि कॉर्ड जवळपास सारख्याच करड्या दिसतात आणि लीजन तेवढा उजळ. सीएसएफचा भडकपणाच नसल्यामुळे काठावरचे लीजन सुटत नाहीत आणि गिब्जही नरमतो. मशीनवर ड्युअल इको टर्बो स्पिन इको असेल तर एकाच स्कॅनमध्ये प्रोटॉन डेन्सिटी आणि टी२ दोन्ही मिळतात, तेही एकमेकांवर तंतोतंत बसणारे. जुन्या मशीनवर मी स्टरच्या आधी हा पर्याय सुचवीन.

पीएसआयआर. मानेत उत्तम. टीआय ४०० च्या आसपास, लीजन काळा, कॉर्ड उजळ, कड धारदार. पण हालचाल जराही खपत नाही, आणि छातीत तो अजून भरवशाचा नाही. तुमच्याकडे तो सीक्वेन्स लायसन्ससह असेल तर घ्या, नसेल तर त्यापायी अडून राहू नका.

यापेक्षा मोठं भोक तुमच्या ॲक्सियलमध्ये आहे. डिस्कला समांतर तीन-तीन स्लाइस हा सर्व्हायकल स्पॉन्डिलोसिसचा (मानेच्या मणक्यांच्या झिजेचा) प्रोटोकॉल आहे. तिथे प्रश्न डिस्कचा असतो, इथे कॉर्डचा आहे. दोन डिस्कांच्या मधल्या मणक्यामागे असलेली कॉर्ड तुम्ही आडवी बघतच नाही, आणि लीजनला डिस्क कुठे आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं. शिवाय स्लाइस डिस्कच्या कोनात असल्यामुळे कॉर्डला तिरपी छेदते आणि बाजूचा छोटा लीजन पार्शल व्हॉल्यूममध्ये (शेजारच्या सिग्नलशी सरमिसळ होऊन) विरतो. ॲक्सियलचा एकच ठोकळा ठेवा, कॉर्डला काटकोनात, सी१ पासून सी७ च्या खालपर्यंत, ३ ते ४ मिमी, गॅप शून्य, इंटरलीव्ह्ड. ४ मिमीला तीसेक स्लाइस होतात.

सॅजिटल कितीही चांगला काढला तरी हे लागणारच. मानेतली कॉर्ड आडवी १२-१३ मिमी, म्हणजे ३ मिमीच्या चार-पाच स्लाइसांतच ती संपते. कडेच्या स्लाइसमध्ये अर्धी कॉर्ड, अर्धा सीएसएफ. लॅटरल कॉलममधला लीजन तिथे असेल तर सॅजिटलवर तो सीएसएफचाच भाग वाटतो. ॲक्सियलवर मात्र पाचराच्या आकाराचा, पायाने काठाला टेकलेला, स्पष्ट दिसतो.

मानेत ॲक्सियलसाठी मल्टी-इको ग्रेडियंट इको (कंपनीगणिक मेडिक, मर्ज, एमएफएफई अशी नावं) टी२ टर्बो स्पिन इकोपेक्षा बरा. सीएसएफचे फ्लो व्हॉइड (प्रवाहाचे काळे डाग) नाहीत आणि ग्रे मॅटर-व्हाइट मॅटर वेगळे दिसतात. फक्त हे लक्षात असू द्या की त्यात निरोगी ग्रे मॅटरसुद्धा उजळ दिसतं. ते फुलपाखरू बघून "एच साइन, मॉग असावं" असं लिहिलेले रिपोर्ट फिरत असतात (मॉग म्हणजे मॉग अँटिबॉडीचा आजार, त्यात ग्रे मॅटर एच अक्षरासारखं उजळतं). एच साइन म्हणायचं तर टी२ टर्बो स्पिन इकोवरही ग्रे मॅटर उजळ हवं आणि शेजारच्या निरोगी पातळीपेक्षा ते फुगलेलं किंवा जास्त पांढरं हवं.

---

टेस्लामोह

३ टेस्लाबद्दल थोडक्यात. रोजच्या कामात कॉर्डच्या लीजनसाठी १.५ टेस्ला पुरतो, शिफारशींतही कॉर्डसाठी ३ टेस्लाचा आग्रह नाही. मेंदूची गोष्ट वेगळी.

३ टेस्लावर सिग्नल वाढतो हे खरं, पण त्याबरोबर सगळ्या व्याधीही वाढतात. फॅट आणि पाण्यातलं अंतर २२० हर्ट्झवरून ४४० वर जातं, म्हणजे बँडविड्थ दुप्पट केल्याशिवाय केमिकल शिफ्ट (फॅट जागेवरून सरकून दिसणं) आवरत नाही, आणि बँडविड्थ दुप्पट केली की मिळालेल्या सिग्नलमधला मोठा वाटा परत गेला. फुप्फुसाशेजारी फील्ड अधिक बिघडतं. प्लेट-स्क्रू असतील तर विचारूच नका. एसएआर (शरीरात जिरणारी रेडिओ ऊर्जा) चौपटीच्या हिशेबानं चढतो, मग रिफोकसिंग अँगल १८० वरून १२०-१४० वर आणावा लागतो. सीएसएफच्या प्रवाहाची भुतंही अधिक ठळक.

३ टेस्लावर चुकीचा प्रोटोकॉल म्हणजे जास्त सिग्नलमध्ये तेच गिब्ज. आधी वरचे बदल करा.

ज्यांच्याकडे ३ टेस्ला आहेच त्यांनी मात्र मानेत १ मिमी आयसोट्रॉपिक ३डी टी१ (पीएसआयआर किंवा एमपी२रेज) जरूर बसवावा, सहा-आठ मिनिटं लागतात पण कुठल्याही प्रतलात कापून बघता येतं. पाठीला स्कोलिओसिस असेल तर हाच एक मार्ग धड आहे. २डी सॅजिटलमध्ये कॉर्ड एका स्लाइसमधून दुसऱ्यात पळत राहते.

---

तिरपी_स्लाइस

मंडळी, हे फार कामाचं आहे. रेघेचं कोडं सुटलं.

आणखी दोन शंका. छातीच्या भागात ॲक्सियल ग्रेडियंट इको लावून पाहिला तर चित्र धुरकट येतं. तिथे काय करावं? आणि कॉन्ट्रास्टचा क्रम कसा लावावा म्हणजे टेबलावरचा वेळ अर्ध्या-पाऊण तासात बसेल? मेंदूचा स्कॅनही बऱ्याचदा सोबतच असतो.

---

फेजदिशा

छातीत ग्रेडियंट इकोचा नाद सोडा. प्रत्येक श्वासाबरोबर फुप्फुसातली हवा कमीजास्त होते, त्याबरोबर कॉर्डपाशी चुंबकीय क्षेत्र किंचित हलतं, आणि लांब टीईचा ग्रेडियंट इको ते हलणं जमा करत राहतो. धुरकटपणा तिथून येतो. शिमिंग (क्षेत्र एकसारखं करणं) पुन्हा करून थोडा फरक पडतो, पण पूर्ण जात नाही.

तिथे टी२ टर्बो स्पिन इको ॲक्सियल, ४ ते ५ मिमी, गॅप नाही, पिक्सेल ०.७ मिमीच्या आसपास. फेज डावीकडून उजवीकडे ठेवा, ओव्हरसॅम्पलिंगसह. पुढून मागे ठेवलीत तर हृदयाची आणि महाधमनीची भुतं सरळ कॅनॉलमधून जातात. कॉर्डच्या मागे सीएसएफमध्ये काळे गोळे दिसतील, ते प्रवाहाचे. त्यांना रक्तवाहिन्या समजू नका. खात्री करायची तर ३डी सिस किंवा फिएस्टा सीक्वेन्सचा एक छोटा स्लॅब घ्या: प्रवाहाचे गोळे त्यात नाहीसे होतात, ड्युरल फिस्टुलाच्या (धमनी आणि शीर यांच्या चुकीच्या जोडणीच्या) नागमोडी शिरा मात्र राहतात. लांबलचक, छाती ते कोनसपर्यंतचा (कॉर्डच्या खालच्या टोकापर्यंतचा) सुजलेला लीजन असेल तर हा स्लॅब टाळू नका. फिस्टुलाला मायलायटिस समजून स्टेरॉइड दिली तर पायांची ताकद आणखी जाऊ शकते.

संपूर्ण छातीचा ॲक्सियल म्हणजे ५ मिमीच्या साठेक स्लाइस, दोन ठोकळ्यांत. दर वेळी जमेलच असं नाही. वेळ नसेल तर सॅजिटल टी२ आणि स्टर दोन्ही बघून संशयित जागांवर ठोकळा टाका. पण मग टेबलावर रुग्ण असतानाच कोणीतरी ते सॅजिटल बघायला हवेत, ही अट आहे. कोनस खालच्या टोकापर्यंत एफओव्हीत आला का, तेही तपासा. तो बहुतेकांत एल१-एल२ ला संपतो आणि छातीचा एफओव्ही टी१२ वर कापायची सवय अनेक ठिकाणी असते. मॉगचा लीजन नेमका तिथे असतो.

क्रम मी असा लावीन. मान आणि छाती, दोन्हीचे सॅजिटल टी२ आणि स्टर. मग मानेचा ॲक्सियल ग्रेडियंट इको. इथे कॉन्ट्रास्ट द्या, ०.१ मिलिमोल प्रति किलो, मॅक्रोसायक्लिक (गॅडोलिनियम घट्ट धरून ठेवणारं). बहुतेक औषधं ०.५ मोलर असतात, म्हणजे ६० किलोला १२ मिली. गॅडोब्युट्रॉल १ मोलर आहे, त्याला ६ मिली. हा फरक सिरिंज भरणाऱ्याला माहीत असतोच असं गृहीत धरू नका, प्रोटोकॉलच्या कागदावर लिहून ठेवा. त्यानंतर छातीचा ॲक्सियल टी२. त्यावर गॅडोलिनियमचा म्हणावा असा परिणाम होत नाही, आणि पाच-सहा मिनिटं आपोआप निघून जातात. शेवटी सॅजिटल टी१ दोन्ही भागांचा, आणि जिथे लीजन दिसला तिथे ॲक्सियल टी१. टेबलावर जेमतेम अर्धा तास.

लगेच टी१ घेणं ही तुमच्या प्रोटोकॉलमधली चूक आहेच. किमान ५ मिनिटं, जमल्यास १०. फुटलेल्या ब्लड-ब्रेन बॅरियरमधून औषध झिरपायला वेळ लागतो. पहिल्या मिनिटात शिरा चमकतात, लीजन नाही.

मेंदू सोबत असेल तर कॉन्ट्रास्ट एकदाच. मेंदूचे आधीचे सीक्वेन्स, मग कॉर्डचे आधीचे, मग इंजेक्शन, मग दोन्हीकडचे टी१. मेंदू पूर्ण करून दुसऱ्या दिवशी कॉर्डसाठी पुन्हा डोस देण्यात काही अर्थ नाही.

रुग्णाच्या बाजूचंही थोडं. मानेखाली पातळ गादी, हनुवटी किंचित आत. मानेचा बाक कमी झाला की एकच ॲक्सियल ठोकळा बहुतेक पातळ्यांवर काटकोनात बसतो. आणि गिळू नका असं सांगू नका! नुसतं "गिळू नका" म्हटलं की तोंडाला पाणी सुटतं. आवाज चालू असताना थांबा, आवाज बंद झाला की गिळा, एवढंच सांगायचं, आणि दोन सीक्वेन्सांमध्ये दहा सेकंद खरोखर द्यायचे.

---

पाम५०

संशोधनाच्या बाजूनं भर घालतो, कारण या विषयावर डिफ्यूजन टेन्सर आणि मॅग्नेटायझेशन ट्रान्सफरचं (एमटी) नाव निघाल्याशिवाय राहत नाही.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला स्पाइन जेनेरिक प्रोटोकॉल ३ टेस्लासाठी तिन्ही मोठ्या कंपन्यांच्या मशीनवर चालेल असा लिहिला आहे: टी१ १ मिमी, टी२ ०.८ मिमी आयसोट्रॉपिक, टी२स्टार ०.५ × ०.५ × ५, एमटी आणि डिफ्यूजन ०.९ × ०.९ × ५ मिमी. पॅरामीटर फायली खुल्या आहेत. पूर्ण प्रोटोकॉल बसवायची गरज नाही, पण त्यातला टी२स्टार ॲक्सियल आपल्या मशीनवरच्या ॲक्सियलशी ताडून बघा, बरंच शिकायला मिळतं.

एमटी रेशो आणि टेन्सरचे आकडे गटागटांची तुलना करायला चांगले. एका रुग्णात, एका स्कॅनवर, "इथे लीजन आहे की नाही" याचं उत्तर ते देत नाहीत. रुग्ण जरा हलला, बी१ (रेडिओ फील्ड) जरा घसरलं, तरी आकडा लीजनइतकाच बदलतो.

कॉर्डचं क्षेत्रफळ मात्र उपयोगी आहे. स्पायनल कॉर्ड टूलबॉक्स या सॉफ्टवेअरनं सी२-सी३ पातळीवर सरासरी घ्या. टी१ वरचं आणि टी२ वरचं क्षेत्रफळ वेगळं येतं, तेव्हा एका रुग्णाचे दोन स्कॅन ताडताना सीक्वेन्स बदलू नका. टूलबॉक्समधलं लीजन शोधणारं मॉडेल दुसरा डोळा म्हणून वापरा. जे तो दाखवतो ते तपासा, पण त्यानं काही दाखवलं नाही म्हणून कॉर्ड साफ समजू नका.

कंपन्यांच्या डीप लर्निंग रिकन्स्ट्रक्शनबद्दल: त्याचा फायदा नुसते ॲव्हरेज कमी करून स्कॅन आखूड करण्यात घालवू नका, तो स्लाइस पातळ करण्यात आणि दुसरा सॅजिटल घेण्यात घाला. डिनॉइझिंगची पातळी मधली ठेवा. सगळ्यात वरच्या पातळीवर नॉइज जातो तसा ३ मिमीचा फिका लीजनही पुसला जाऊ शकतो. सुरुवातीचे काही दिवस नेहमीचं रिकन्स्ट्रक्शनही सोबत साठवा आणि शेजारी शेजारी लावून बघा.

---

टेस्लामोह

"एमटीचा उपयोग नाही" याला थोडा विरोध. एमटी पल्स लावलेला कॉन्ट्रास्टनंतरचा टी१ पार्श्वभूमी दाबतो आणि फिकं एन्हान्समेंट (कॉन्ट्रास्टनं उजळणं) वर येतं. पण मग कॉन्ट्रास्टच्या आधीही तोच टी१ हवा, नाहीतर एमटीमुळे उजळ दिसलेलं एन्हान्समेंट म्हणून लिहिलं जातं. दोन्हीला वेळ नसेल तर साधा टी१ बरा, हे मान्य.

---

राखाडी_फुलपाखरू

रिपोर्ट लिहिताना कशाची नोंद करायची तेही सांगते, कारण एवढा खटाटोप त्यासाठीच आहे.

लीजनची लांबी मणक्यांच्या संख्येत, आडव्या छेदात जागा, किती भाग व्यापला, सूज आहे का, टी१ वर काळा आहे का, एन्हान्समेंट कसं. एमएसमध्ये बहुधा दोन मणक्यांपेक्षा कमी लांबी, मागे किंवा बाजूला काठाशी, अर्ध्यापेक्षा कमी छेद, आणि अनेक. एमएसच्या निदानाच्या २०१७ च्या मॅकडॉनल्ड निकषांत कॉर्ड ही मोजायच्या चार जागांपैकी एक आहे, म्हणून सापडलेला एक छोटा लीजनसुद्धा निदान पुढे सरकवतो. एनएमओएसडीमध्ये (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका) तीन किंवा जास्त मणके सलग, मध्यभागी, अर्ध्याहून जास्त छेद, आणि ॲक्सियल टी२ वर सीएसएफइतके किंवा त्याहून पांढरे ठिपके. हे ठिपके ओळखायला टी१ बघावाच लागतो, तिथे ते सीएसएफइतके काळे नसतात, सिरिंक्स असतो. मॉगमध्ये ग्रे मॅटरचा एच आणि कोनस. मागच्या पृष्ठभागालगत दोन-तीन मणके पसरलेलं, महिनोन्महिने न ओसरणारं एन्हान्समेंट दिसलं तर सार्कॉइडोसिस डोक्यात ठेवा. त्याला सेंट्रल कॅनॉलची जोड मिळाली की ॲक्सियलवर त्रिशूळ दिसतो.

एक सापळा स्पॉन्डिलोसिसचाच. सगळ्यात जास्त दाब असलेल्या जागी किंवा किंचित खाली, सॅजिटलवर आडव्या पोळीसारखं चपटं एन्हान्समेंट दिसतं. ते दाहाचं नाही, दाबाचं आहे. ऑपरेशननंतरही ते बरेच महिने टिकतं, त्यामुळे "अजून चमकतंय म्हणजे एमएस" असा निष्कर्ष काढू नये.

लांबीवर फार विसंबू नका. एनएमओएसडीचा पहिला झटकासुद्धा सातात एखाद्या वेळी तीन मणक्यांपेक्षा छोटाच असतो. लांब लीजन ओसरताना तुटून दोन-तीन छोटे तुकडे होतात आणि एमएससारखे दिसतात. म्हणून रिक्वेस्ट फॉर्मवर लक्षणं कधी सुरू झाली ती तारीख आणि स्टेरॉइड सुरू झालं आहे का, या दोन गोष्टी मागून घ्या. लक्षणं सुरू होऊन एक-दोन दिवसच झाले असतील आणि स्कॅन साफ असेल, तर आठवड्याभरानं पुन्हा घ्या. मॉगमध्ये पहिला स्कॅन कोरा येणं माहितीतलं आहे.

तुमच्या जुन्या स्कॅनचं काय, हा प्रश्न येणारच. फॉलोअपला नव्या प्रोटोकॉलवर जास्त लीजन दिसतील. त्यातले सगळे नवे नसतील. ४ मिमीच्या स्लाइसमध्ये न दिसलेले जुनेही असतील. पहिला नव्या पद्धतीचा स्कॅन हा नवा बेसलाइन धरा आणि रिपोर्टमध्ये "आधीचा स्कॅन ४ मिमी, सलग ॲक्सियल नव्हता, थेट तुलना शक्य नाही" असं स्पष्ट लिहा. नाहीतर लीजन वाढले असं समजून न्यूरॉलॉजिस्ट औषध बदलतील.

---

तिरपी_स्लाइस

धन्यवाद सगळ्यांना. सॅजिटलची फेज, ३ मिमी, टीई ९५, स्टर कॉन्ट्रास्टच्या आधी, मानेचा सलग ॲक्सियल, टी१ सहा मिनिटांनी, एवढे बदल एकदम करतो. कॉन्ट्रास्टआधीचा टी१ सॅजिटल वगळतोय. त्यानं काही अडेल का?

---

राखाडी_फुलपाखरू

मानेतला वगळू नका, छातीतला वगळा. कॉन्ट्रास्टनंतर उजळ दिसलेली गोष्ट आधीपासूनच उजळ होती का, हे बघायला एक तरी लागतो: जुनं रक्त, मेलॅनिन, कधी फॅट. शिवाय एनएमओएसडीचे ठिपके की सिरिंक्स हेही त्यावरच ठरतं. तो ३ मिमीचाच घ्या, कॉन्ट्रास्टनंतरच्या टी१ सारखेच सगळे पॅरामीटर, त्याच स्लाइस पोझिशन कॉपी करून. एकाचा टीआर ५०० आणि दुसऱ्याचा ७५० असेल तर तुलनेला काही अर्थ राहत नाही.